एडिंबराचा ऑगस्ट आणि तीस खुर्च्यांची खोली : ब्रिटिश स्टँड-अपबद्दल थोडं

धुकेकर

गेली नऊ वर्षं मी एडिंबरात राहते. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातली एक मैत्रीण मला एका पबच्या वरच्या मजल्यावर घेऊन गेली होती. करकरणारा लाकडी जिना, वर तीसेक खुर्च्या, कोपऱ्यात माईक, मागे काळा पडदा. सहा जणांनी दहा-दहा मिनिटं घेतली. चार जण पडले, दोघांनी खोली डोक्यावर घेतली. घरी चालत येताना थंडीचं भान नव्हतं, इतकी हसले होते. तेव्हापासून महिन्यातून दोन-तीनदा जातेच.

आपल्याकडे ब्रिटिश स्टँड-अप पोचतो तो मोबाईलवरच्या तुकड्यांतून. 'लाइव्ह ॲट द अपोलो' किंवा 'टास्कमास्टर'. दोन्ही मला आवडतात. पण 'टास्कमास्टर'सुद्धा ॲलेक्स हॉर्नने आधी २०१० मध्ये इथल्या फ्रिंजमध्ये, म्हणजे ऑगस्टात भरणाऱ्या मोठ्या कलामहोत्सवात, करून पाहिला होता. टीव्हीवर आला २०१५ मध्ये. या लोकांचं बहुतेक काम असं आधी छोट्या खोलीत होतं, आणि त्या खोलीबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून हा धागा.

एक उदाहरण सांगते. एक बाई आहे, दिवसा वॉर्डात नर्स, रात्री कॉमेडी. फेब्रुवारीत मी तिचा 'वर्क इन प्रोग्रेस' पाहिला. म्हणजे अर्धाकच्चा शो, तिकीट अगदी स्वस्त, स्टुलावर वही उघडी ठेवलेली. रुग्णालयातल्या हरवलं-सापडलं कपाटाची गोष्ट ती सांगत होती. एका खोलीत दोन पेशंट होते, साफसफाईत कवळ्या सापडल्या तीन, मग आता ही जास्तीची कुणाची, आणि सिस्टर काय म्हणाली, आणि डॉक्टर काय म्हणाले. दीड मिनिट गेलं. दोन-चार जण हसले. तिने वहीत काहीतरी खोडलं. जूनमध्ये परत गेले तेव्हा डॉक्टर आणि सिस्टर गोष्टीतून गेले होते. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा पाहिला. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कवळ्या तीन." मग पाण्याचा एक घोट. "पेशंट दोन." आणि गप्प उभी राहिली. खोली फुटली अक्षरशः. सहा महिने तिने त्या एका गोष्टीतून शब्द उपसून काढले होते.

हे असं घडायला खोली लागते, पडायची मुभा लागते आणि वेळ लागतो. आणि इथेच माझा जीव तुटतो. ब्रिटनमधला कॉमेडियन नावारूपाला यायचा तर आजही एडिंबराचा ऑगस्ट त्याला चुकत नाही, आणि त्या ऑगस्टचा खर्च आता नर्सला, कारकुनाला, वेल्डरला झेपण्यापलीकडे गेला आहे. बिली कॉनोली ग्लासगोच्या गोदीत वेल्डर होता. जो ब्रँड मानसोपचार विभागात नर्स होती, तीही दहा वर्षं. सारा मिलिकन जॉब सेंटरमध्ये नोकरी करायची, घटस्फोटानंतर २००४ मध्ये पहिल्यांदा माईकसमोर उभी राहिली आणि २००८ मध्ये एडिंबराचा नवोदितांचा पुरस्कार घेऊन गेली. आज सुरुवात करणारी अशी माणसं इथवर पोचतील का, हा प्रश्न मला पडलाय. तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

मुळाकाठ

फार छान धागा! कवळ्यांवर मीही फुटलो.

मला वाचताना पुरुषोत्तम करंडक आठवला. तोही ऑगस्टातच. भरत नाट्य मंदिरात पोरं एकांकिका घेऊन येतात, खिशात पैसे नसतात, सेट कुणाच्या तरी टेम्पोतून येतो, बाहेर 'अरे आव्वाज कुणाचा' चाललेलं असतं. पण तिथे कॉलेज पाठीशी असतं. एडिंबरात पैसे नेमके कशाला लागतात? नाट्यगृहवाले बोलावत नाहीत का?

धुकेकर

@मुळाकाठ, बोलावत नाहीत. फ्रिंजचं वैशिष्ट्यच ते. १९४७ मध्ये एडिंबरात आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला तेव्हा आठ नाटकमंडळ्या बिनबोलावता आल्या आणि शहरात मिळेल त्या जागी त्यांनी प्रयोग लावले. त्यातून फ्रिंज उभा राहिला. आजही निवड समिती नाही. जागा मिळवा, नाव नोंदवा, या. आता साधारण साडेतीन आठवड्यांत तीन हजारांवर शो होतात. चर्चचं सभागृह, विद्यापीठाचे वर्ग, पबचं तळघर, उभी केलेली कंटेनरं, सगळीकडे.

पैसे असे जातात: जागेचं भाडं किंवा तिकिटात वाटा, कित्येक ठिकाणी किमान रकमेची हमी आधी द्यायची. कार्यक्रमपत्रिकेत नाव छापायचे वेगळे. पोस्टर, पत्रकं, दिवे-ध्वनी सांभाळणारा माणूस, प्रसिद्धीवाला. आणि या सगळ्यांच्या वर महिनाभर राहायची खोली. महिनाभर दुसरी कमाई बंद, ते तर कुणी हिशेबात धरतच नाही. २०२५ मध्ये त्याच ऑगस्टात मरेफील्ड स्टेडियमला ओएसिस या रॉक बँडचे तीन कार्यक्रम लागले, मग खोल्यांचे भाव विचारायलाच नको. माझ्या ओळखीचा एक मुलगा त्या वर्षी शहराबाहेरच्या कॅम्पिंगच्या जागेत तंबूत राहिला. रोज सकाळी बसने यायचा, दुपारी रॉयल माईलवर स्वतःची पत्रकं वाटायचा, रात्री पावणेअकराला शो. पावसात पत्रकांचा लगदा झाला तेव्हा तो ते एकेक सुटं करून आमच्या हीटरवर वाळवत बसला होता.

यावर तोडगा म्हणून फुकट फ्रिंज निघाला. पीटर बकली हिल या माणसाने १९९६ मध्ये सुरुवात केली. पबवाला खोली फुकट देतो, प्रेक्षकाला तिकीट नाही, शो संपला की कॉमेडियन दारात बादली घेऊन उभा राहतो. जमेल ते टाका. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत ब्रिटिश कॉमेडीसाठी याहून मोठं काम कुणी केलेलं नाही. कोणी ऑगस्टात येणार असाल तर खिशात नोटा ठेवा. कार्डाचं यंत्र हल्ली असतं, पण सगळ्यांकडे नाही.

केवडा

धुकेकर, मीही एडिंबरातच, लीथच्या बाजूला. तुमचं दुःख समजतं, पण गावात वर्षभर राहणाऱ्यांचंही ऐका. आमच्या जिन्यावर आठ घरं आहेत, त्यातली तीन कायम पाहुण्यांना भाड्याने. शाळेतल्या मदतनीस बाईला इथे घर मिळत नाही. परवान्याशिवाय असं भाड्याने देता येणार नाही हा नियम २०२३ मध्ये आला तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता २०२६ च्या जुलैपासून पाहुण्यांच्या मुक्कामावर ५ टक्के कर लागतोय, पहिल्या पाच रात्रींपुरता. तो पैसा शहरावर खर्च व्हायला हवा.

कलाकारांना खोल्या मिळाव्यात हे मान्य. पण त्या आमच्या शेजाऱ्यांना बाहेर काढून नकोत.

धुकेकर

@केवडा, तुमचं पटतं. करातला थोडा भाग कलाकारांच्या स्वस्त निवाऱ्यासाठी, विद्यार्थी वसतिगृहं ऑगस्टात त्यांना कमी दराने देण्यासाठी वापरावा असं मला वाटतं. पण शेजाऱ्यांचा मुद्दा मी धाग्यात आणायलाच हवा होता.

खाणीवरचा

मी उत्तर इंग्लंडातल्या बार्न्सलीत डॉक्टर आहे, सतरा वर्षं झाली. पैसा आणि कॉमेडी हा विषय निघालाच आहे तर थोडं मागचं सांगतो, कारण लंडनवाले हा इतिहास फार एकतर्फी सांगतात.

त्यांच्या हिशेबाने ब्रिटिश स्टँड-अप सुरू होतो मे १९७९ मध्ये. लंडनच्या सोहोत डीन स्ट्रीटला एका स्ट्रिप क्लबच्या वर पीटर रोझेनगार्ड आणि डॉन वॉर्ड यांनी कॉमेडी स्टोअर उघडलं, ॲलेक्सी सेल सूत्रसंचालक, विनोद पडला की घंटा वाजवून कलाकाराला खाली उतरवायचे. तिथून ऑल्टरनेटिव्ह कॉमेडीची लाट आली. काळ्यांवर, आयरिश लोकांवर, बायकांवर विनोद नकोत, हा तिचा आग्रह. तो आग्रह योग्यच होता. बर्नार्ड मॅनिंग या जुन्या क्लब-कॉमेडियनचे विनोद माझ्यासारख्या तपकिरी माणसाला आज ऐकवत नाहीत.

पण त्याआधी उत्तरेत कामगारांचे क्लब होते, आणि तिथे दर शनिवारी कॉमेडियन उभा राहायचा. माझ्या शेजारचे आजोबा खाणीत होते. ते सांगतात, कॉमेडियन रंगात आला असताना क्लबचा सेक्रेटरी मधेच माईक घ्यायचा आणि 'गरम पाय आलेत, रांगेत या' म्हणून जाहीर करायचा (पाय म्हणजे इंग्रजी 'pie', मांस भरून भाजलेला). आणि कॉमेडियनने त्यातूनही खोली परत ओढून आणायची. चार्ली विल्यम्स इथलाच, बार्न्सलीजवळच्या रॉयस्टनचा. काळा माणूस, आधी खाणकामगार, मग डॉनकास्टर रोव्हर्सचा फुटबॉलपटू, मग १९७१ मध्ये ग्रॅनाडा टीव्हीच्या 'द कॉमेडियन्स'मधून घराघरात पोचला. अस्सल यॉर्कशरी बोलायचा. स्वतःच्या रंगावर विनोद करायचा, त्याबद्दल पुढे त्याच्यावर टीका झाली. ती टीका मला कळते. पण १९७१ मध्ये त्या क्लबांत उभं राहणं काय असेल, तेही मला कळतं.

१९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपानंतर खाणी बंद पडत गेल्या, क्लबही ओस पडले. कॉमेडी पबच्या वरच्या मजल्यावर आणि विद्यापीठांच्या गावांत गेली. वाईट विनोद गेले ते बरं झालं. पण त्यांच्याबरोबर खाणीवरच्या पोराची उभं राहायची जागाही गेली, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं नाही. धुकेकर, तुमचा प्रश्न आजचा वाटतो, पण इकडे तो चाळीस वर्षं विचारला जातोय.

धुकेकर

खाणीवरचा, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. पायची घोषणा वाचून हसू आलं आणि मग वाईट वाटलं. मी जे ऐकत आले ते लंडनच्या बाजूनेच, हे खरं आहे.

जास्वंद

+१ खाणीवरचा.

पैशासारखीच दुसरी चाळणी म्हणजे रात्रीचा प्रवास. मी लेस्टरला असते, दर फेब्रुवारीत इथे कॉमेडी महोत्सव होतो (१९९४ पासून), त्यात मी स्वयंसेवक म्हणून काम करते. कार्यक्रम साडेदहाला संपतो. शेवटची गाडी गेलेली असते. मग कॉमेडियन लोक एकमेकांच्या गाडीतून घरी जातात, दोन-दोन, तीन-तीन तास. पुरुषांना त्यात काही वाटत नाही. मुलीला मात्र ठरवावं लागतं की या अनोळखी माणसाच्या गाडीत मध्यरात्री बसायचं, की हॉटेलला पैसे घालायचे आणि रात्रीची सगळी कमाई तिथेच संपवायची. वीस-बावीस वर्षांच्या मुली मला बाजूला घेऊन विचारतात, 'हा माणूस बरा आहे का?' आम्ही काहीजणींनी आता घरातल्या रिकाम्या खोल्यांची यादी केली आहे. माझ्याकडे एक सोफा आहे, गेल्या महोत्सवात त्यावर चौघी झोपून गेल्या, वेगवेगळ्या रात्री. सकाळी मी पोहे करते. एकीने तर पोह्यांवर दोन मिनिटं लिहिली!

एडिंबराचा मोठा पुरस्कार, आधीचं नाव पेरिए, १९८१ पासून आहे. एकटीने उभ्या राहणाऱ्या बाईला तो पहिल्यांदा मिळाला १९९५ मध्ये, जेनी एक्लेरला. मग २००५ मध्ये लॉरा सोलोन. मग २०१३ मध्ये ब्रिजेट ख्रिस्टी. बत्तीस वर्षांत तीन! त्यानंतर चित्र बदललंय, रोझ माताफेओ २०१८, एमी ग्लेडहिल २०२४, आणि २०२५ मध्ये सॅम निकोरेस्टी, हा पुरस्कार मिळवणारी पहिली ट्रान्स कलाकार. हे आपोआप झालेलं नाही. रात्री कोण कुणाला घरी सोडतंय इथपासून लोकांनी लक्ष घातलं, तेव्हा झालं.

मुळाकाठ

जास्वंद ताई, त्या सोफ्याला सलाम.

अवांतर: पुरस्काराचं ऐकून एक आठवलं. जेम्स अकॅस्टर २०१२ ते २०१६ सलग पाच वर्षं नामांकनात होता आणि एकदाही जिंकला नाही, हे खरं ना? माझा अतिशय आवडता.

धुकेकर

खरं आहे. पाच वर्षं, पाच वेगळे तासाभराचे शो. दरवर्षी नवा तास आणायचा ही इथली रीत आहे आणि फार कठीण आहे. जुना तास परत चालत नाही.

परळकर

उशिरा आलो. मी मुंबईतच असतो, पण या धाग्याशी माझा संबंध आहे. खाणीवरचा यांनी सांगितलेलं सोहोतलं कॉमेडी स्टोअर, त्याची शाखा २०१० मध्ये लोअर परळला उघडली होती, फिनिक्सच्या आवारात, पॅलेडियममध्ये. पूर्वीची गिरणीची जागा ती. माझं बालपण तिथून दोन गल्ल्या पलीकडे गेलं.

इंग्लंडहून कॉमेडियन यायचे. सूत्रसंचालक पुढच्या रांगेला नाव-गाव-धंदा विचारायचा, आणि आपले लोक प्रामाणिकपणे सगळं सांगायचे, पगारसुद्धा! मी वर्षभर दर महिन्याला जायचो. फायदा असा झाला की आपल्या पोरांनाही तिथे मोकळा माईक मिळाला. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं, दिवा लागला की उतरायचं, ही शिस्त मुंबईच्या कित्येकांनी तिथे उचलली. पुढे त्याच जागी कॅनव्हास लाफ क्लब झाला. आपल्याकडे एकपात्रीची परंपरा मोठी आहे, पण ती बसून, पल्लेदार, दोन-अडीच तासांची. पाच मिनिटांत परक्या माणसाला हसवायचं हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

प्रश्न: अहीर शाहबद्दल कुणी लिहील का? नाव ऐकून आहे.

धुकेकर

@परळकर, दिव्याचं वाचून छान वाटलं, इथेही अगदी तसंच.

अहीर शाहला २०२३ चा मोठा पुरस्कार मिळाला, 'एंड्स' या शोसाठी. त्याचे आजोबा १९६० च्या दशकात भारतातून इथे आले. शोच्या मध्यावर आहे ऋषी सुनक पंतप्रधान झाले ती घटना. सुनक यांचं राजकारण शाहला पटत नाही, तरीही आजोबांना हे पाहून काय वाटलं असतं या प्रश्नापाशी तो पुन्हा पुन्हा येतो. मी तो पाहिला तेव्हा माझ्या शेजारी एक गुजराती आजी बसल्या होत्या, नातवाने आणलेल्या. शेवटी शेवटी त्यांनी माझा हात धरला होता. ओळख ना पाळख. शो नंतर चित्रित होऊन नेटफ्लिक्सवर आला आहे, जरूर पाहा.

आणि हे एकाएकी उगवलेलं नाही. १९९८ मध्ये बीबीसी टीव्हीवर 'गुडनेस ग्रेशस मी' आलं, मीरा स्याल आणि संजीव भास्कर वगैरे. त्यातला तो प्रसिद्ध प्रवेश: भारतीय मंडळी रात्री 'इंग्लिश' खायला जातात आणि वेटरला म्हणतात, तुमच्याकडचं सगळ्यात मिळमिळीत काय आहे ते आणा. तोवर आपण विनोदाचा विषय होतो, तिथून विनोद करणारे झालो.

सातारी_तिखट

इतके दिवस नुसता वाचत होतो. धुकेकर ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायचं धाडस करतोय.

मी मँचेस्टरजवळ गोदामांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि गेले चौदा महिने ओपन माईक करतोय. घरी सांगितलेलं नाही. शिडी अशी असते: आधी पाच मिनिटं, बिनपैशाची. कित्येक ठिकाणी सोबत एक मित्र आणायची अट, म्हणजे तेवढाच प्रेक्षक वाढतो. मग दहा मिनिटं, तीही बहुधा फुकट. मग कुणाला आवडलात तर पैसे देऊन वीस मिनिटं. मी अजून पहिल्या पायरीवर आहे.

सुरुवातीला मी वडिलांची नक्कल करायचो, इंग्रजी बोलणारा सातारी माणूस. लोक खूप हसायचे. एका पबात सूत्रसंचालकाने नंतर बाजूला बोलावून विचारलं, 'ते तुझ्या वडिलांना हसतायत की उच्चारांना?' मी चार दिवस नीट झोपलो नाही. कारण उत्तर मला माहीत होतं. वडिलांनी कर्ज काढून मला इकडे पाठवलं. ती नक्कल मी काढून टाकली आणि पुढचे तीन महिने कुणीच हसलं नाही. खाणीवरचा यांनी चार्ली विल्यम्सबद्दल लिहिलंय ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

आता आईवर एक आहे. आई व्हिडिओ कॉलवरसुद्धा फोन कानाला लावते. गेल्या चार वर्षांत मी आईचा फक्त कान पाहिलाय. आणि तो कान म्हातारा होत चाललाय.

इकडे 'फ्रॉग अँड बकेट' या कॉमेडी क्लबमध्ये सोमवारी एक प्रकार चालतो, प्रेक्षकांतल्या तिघांकडे कार्डं दिलेली असतात, तिन्ही वर गेली की उतरायचं, पाच मिनिटं टिकलात तर जिंकलात. तशाच एका रात्रीला मी नाव दिलंय, येत्या सोमवारी.

जास्वंद

अरे, तो कान! मी हसले आणि लगेच आईला फोन लावला. सोमवारनंतर नक्की कळव.

खाणीवरचा

सातारी, नक्कल काढून टाकलीस याबद्दल तुझा अभिमान वाटतो. बार्न्सलीला कधी आलास तर घरी ये.

धुकेकर

आम्ही सगळे वाट बघतोय. आणि पाण्याचा ग्लास जवळ ठेव, मधे घोट घ्यायला.

सातारी_तिखट

काल झालं. चार मिनिटं दहा सेकंदांना तिसरं कार्ड वर गेलं.

पहिली दोन मिनिटं गोदामावरची होती, ती पडली, तिथेच दोन कार्डं गेली. मग आईचा कान घेतला. 'फक्त कान पाहिलाय' ला हसू आलं, नेहमीसारखं. मी पाण्याचा घोट घेतला, ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. 'तो म्हातारा होत चाललाय' ला आधी शांतता झाली आणि मग मागून हसू उठलं, पुढपर्यंत आलं. असं याआधी कधी झालं नव्हतं. त्यानंतरचं माझ्याकडे काही त्या तोडीचं नव्हतं, म्हणून तिसरं कार्ड.

बाहेर एक पोलिश बाई थांबली होती. म्हणाली, माझीही आई कानच दाखवते.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. आता कान सुरुवातीला घेणार, गोदाम मागे. आणि 'व्हिडिओ कॉल' हे शब्दच काढता येतील का ते पाहतोय. आई फोन कानाला लावते, मला तिचा कान दिसतो, एवढ्यावर लोकांना कळलं पाहिजे.